ऊडनडॅटाला न पोचलेले दोघे

धुळवाट

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी येऊन कुणी "मग पोचलात का?" असं विचारायला नको. नाही पोचलो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ऊडनडॅटा ट्रॅकवर गेलो आणि ऊडनडॅटा गाव न बघताच घरी आलो. पंढरीच्या वाटेवर वाखरीतून परत फिरल्यासारखं.

मी ॲडलेडला राहतो. दिग्या कोल्हापूरचा, कॉलेजपासूनचा दोस्त. गेली कित्येक वर्षं फोनवर एकच रेकॉर्ड लागायची, "एकदा तुझ्याकडं येतो आणि वाळवंटात गाडी घालू." गेल्या ऑगस्टात तो खरंच विमानातून उतरला. बॅगेत हेल्मेट, गुडघ्याची पॅडं आणि अर्धा किलो कांदा-लसूण मसाला. मसाल्याची विमानतळावर कार्डावर नोंद केली, अधिकाऱ्याने पुडी उघडून वास घेतला, शिंकला आणि सोडलं. (नोंद कराच. लपवून आणलं आणि सापडलं तर दंड मसाल्याच्या कित्येक पट होतो.)

ऑगस्ट का, तर तो इथला हिवाळा. उन्हाळ्यात त्या भागात जाणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. ऊडनडॅटामध्ये २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदले गेले होते. हिवाळ्यात दिवस छान कोवळा, पण रात्री मात्र दात वाजतात.

माझी मोटरसायकल सुझुकी डीआर ६५०, २० लिटरची टाकी बसवलेली. दिग्यासाठी ऑफिसातल्या एकाची जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मागून घेतली. दोन्हींची पुढची चाकं २१ इंची आणि मागची १७, त्यामुळे ट्यूबचा एकच जोड दोघांत पुरला. माणशी १० लिटर पाणी, आणि धोक्याच्या वेळी उपग्रहामार्फत हाक मारणारा एक बीकन.

ट्रॅक मरी या गावापासून मार्लापर्यंत सव्वासहाशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. सगळा मातीचा. मरी ते विल्यम क्रीक २०० किमी, तिथून ऊडनडॅटा आणखी २००, मग मार्ला २१०. मधे पेट्रोल नाही.

मरी हे नाव ऐकल्यावर दिग्याने गावात शिरल्या शिरल्या विचारलं, "मरीआईचं देऊळ कुठाय?" देऊळ नाही, पण मशीद आहे. मातीची, छोटी, जुन्या मशिदीची नक्कल. उंट हाकणारे लोक इथे राहायचे. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांत बलुची, पंजाबी, सिंधी सगळेच होते. १८६६ साली शंभराहून जास्त उंट कराचीहून जहाजाने पोर्ट ऑगस्टाला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात! दिग्या लगेच, "म्हंजे आपलेच की उंट." पुढे रेल्वे आली, तिचं नावही याच लोकांवरून पडलं, घॅन.

आता रस्त्याचं. पहिले ५० किमी मजा वाटते. मग हाडं बोलायला लागतात. रस्ता म्हणजे आडवा टाकलेला पन्हाळी पत्रा. हळू चालवली तर दात निखळतात, ७०-८०ला नेली की चाकं लाटांच्या डोक्यावरून तरंगल्यासारखी जातात. पण मग ब्रेक नावाची गोष्ट विसरायची. टायरमधली हवा २२-२४ पर्यंत उतरवली, तेव्हा कुठे बरं वाटलं.

आणि धूळ. तांबडी, मैद्यासारखी. पुढची गाडी गेली की तिची धूळ खाली बसायलाच तयार नसते. त्यामुळे दोघांत एक-दीड किलोमीटर अंतर ठेवावंच लागतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मित्राबरोबर जायचं म्हणून इतकी वर्षं वाट बघितली आणि प्रत्यक्षात दिवसभर आपण एकटेच. पुढे क्षितिज, मागे आरशात एक टिकलीएवढा दिवा. तो दिवा म्हणजे दिग्या.

नियम ठरवला होता. पुढच्याने आरसा बघत राहायचं. दिवा दिसेनासा झाला की थांबायचं. पाच मिनिटांत आला नाही तर मागे फिरायचं.

पहिल्याच दिवशी मी तो नियम मोडला. उरलेलं रात्री लिहितो, पोराची शाळेची आवराआवर आहे.

---

कडीपत्ता

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. "तो दिवा म्हणजे दिग्या" 😀

---

बुलेट_सातारकर

झकास सुरुवात. दोन शंका. (१) भारतातलं लायसन चालतं का? (२) खर्च किती?

आणि हिमालयन तिथे तग धरते का? इथे तर लोक नुसती नावं ठेवतात.

---

रानवाट

राग मानू नका, पण तिकडे बघायचं काय? ना घाट, ना झाड, ना वळण. आमच्या स्पितीत दर अर्ध्या तासाला देखावा बदलतो. सरळ रस्त्यावर ६०० किमी म्हणजे शिक्षाच.

---

धुळवाट

@बुलेट_सातारकर: पर्यटक म्हणून आलात आणि लायसन इंग्रजीत असेल तर चालतं. मात्र त्यावर गिअरच्या दुचाकीचा शिक्का हवा. प्रवास विमा काढताना मोटरसायकल स्पष्ट लिहून घ्या, बऱ्याच पॉलिसीत ती बारीक अक्षरात वगळलेली असते. खर्चाचं विचारू नका, बायको हा धागा वाचते. हिमालयनने एकदाही कुरकुर केली नाही. कुरकुर चालवणाऱ्याने केली.

@रानवाट: राग नाही. मलाही पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये हेच वाटलं होतं. पण मग एक गोष्ट लक्षात आली आणि सगळा रस्ताच वेगळा दिसायला लागला.

तुम्ही ट्रेकर असाल तर कळेल. किल्ल्यावर आपण आधी काय शोधतो? पाण्याची टाकी. टाकी कुठे ते कळलं की वस्ती कुठे, वाट कुठे, हे आपोआप कळतं. ऊडनडॅटा ट्रॅक तसाच आहे. त्या भागात जमिनीखाली प्रचंड पाणी आहे, ग्रेट आर्टेशियन बेसिन, १७ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील आणि वर जागा उरेल. ते पाणी वाळवंटाच्या या कडेला दाबाने वर येतं, झऱ्यांची एक माळच तयार होते. तिथले मूळ रहिवासी अरबाना लोक हजारो वर्षं त्या माळेवरून ये-जा करत होते. मग १८५०-६०च्या दशकांत जॉन मॅकडूअल स्टुअर्ट नावाचा शोधक त्याच झऱ्यांवरून उत्तरेकडे गेला. त्याच्या मागून तारेची (टेलिग्राफची) लाइन गेली. तिच्या मागून रेल्वे, कारण कोळशाच्या इंजिनाला पाणी लागतं. रेल्वे १९८० साली बंद झाली, आणि आता आम्ही पेट्रोल जाळत त्याच माळेवरून. रस्ता सरळ दिसतो, पण आहे तो झऱ्याकडून झऱ्याकडे.

बबलर नावाचा झरा आहे. माळरानावर एक उंचवटा, त्यावर गोल डबकं आणि मधून भात शिजताना येतो तसा बुडबुडा. फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो. आम्ही अर्धा तास नुसतं ते बघत उभे होतो. शेजारी शेजारी, पण एकमेकांशी न बोलता. का, ते आता सांगतो.

---

धुळवाट

(भाग दुसरा)

मरीहून निघालो तेव्हा दिग्या पुढे होता. कुत्राकुंपण ओलांडलं (डिंगो कुत्री मेंढ्यांकडे येऊ नयेत म्हणून पाच हजारांहून जास्त किलोमीटरचं तारेचं कुंपण, नकाशात बघा, वेड लागेल). पुढे माळावर दोन विमानं शेपटीवर उभी करून ठेवलीयत, कुणा कलाकाराची करामत. तिथे फोटो काढले. मग लेक एअर साऊथचं मीठ दिसलं. समुद्रसपाटीच्या खाली आहे ती जागा. पांढरं, सपाट, डोळ्यांना टोचणारं. तिथून मी पुढे झालो.

कर्डिमुर्काचं पडकं स्टेशन गेलं आणि माझी तंद्री लागली. बायकर लोकांना माहीत आहे ही तंद्री. इंजिनाचा एक सूर, हात सैल, मनात काही नाही. किती वेळ गेला देव जाणे. आरशात बघितलं तर दिवा नाही.

थांबलो. पाच मिनिटं. इंजिन बंद केल्यावर जी शांतता येते ना तिकडे, कानात शिट्टी वाजते. मोबाईलला रेंज नाही. (ऊडनडॅटा नाव पहिल्यांदा ऐकल्यावर दिग्याच म्हणाला होता, "डाटा उडाला म्हणूनच नाव पडलं असंल.") मागे फिरलो. एक किलोमीटर, चार, नऊ. प्रत्येक चढावरून वाटायचं आता दिसेल. डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. वहिनींना फोन कोण करणार, इथपर्यंत जाऊन आलो.

१४ किलोमीटर मागे तो सापडला. जुन्या रेल्वेच्या भरावाला लागून, स्लीपरवर बसून, हेल्मेट काढून, शेंगदाण्याची चिक्की खात.

"काय करतोयस?"

"खांब बघतोय. तारंचा हाय बहुतेक, जुना."

होता खरा, गंजलेला, वाकडा. पण मी जो सुटलो! पंचवीस वर्षांची दोस्ती, तिच्यातल्या सगळ्या शिव्या त्या माळावर खर्ची घातल्या. तो एक अक्षर बोलला नाही. हे त्याच्या स्वभावात नाही. मी त्या वेळी ओळखायला हवं होतं, पण रागाच्या भरात नाही ओळखलं. त्याच्या गाडीचा डावा आरसा लोंबत होता. "खडखडाटानं सैल झालाय," म्हणाला. मी पाना काढला, आरसा आवळून दिला आणि निघालो.

म्हणून बबलरवर अबोला. तो फुटला कॉवर्ड स्प्रिंग्जला. तिथे जमिनीखालून येणाऱ्या कोमट पाण्याचा हौद आहे, भोवती खजुराची झाडं. संध्याकाळी दोघे गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हितं जोतिबाच्या यात्रेला येत्यात तसं उंटवाले जमत असतील नव्हं?" आणि मी हसलो. झालं. मसाला घालून पिठलं केलं, शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्या जोडप्याला दिलं, त्यांनी अर्ध्या घासात पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी विल्यम क्रीक, फक्त ७० किमी. एक पब, एक धावपट्टी, मूठभर माणसं. सगळ्या बाजूंनी ॲना क्रीक नावाचा गोठा, म्हणजे गुरं चारायचं रान. १५ हजार चौरस किलोमीटरहून मोठा, जगातला सर्वांत मोठा म्हणतात. दिग्याच्या चुलत्यांचा दूधधंदा आहे, त्यांच्या गोठ्यात बावीस म्हशी. त्याने तो आकडा दोनदा विचारून घेतला.

त्या रात्री पाऊस आला. आपल्या हिशेबात पाऊसच नव्हे, कोल्हापुरात याला कुणी छत्री उघडणार नाही. पण तिथली माती! सकाळी पबच्या दारापासून गाडीपर्यंत चालत गेलो तर बुटाला दोन-दोन किलो चिखल. रस्त्याच्या पाटीवर सगळीकडे एकच शब्द, बंद. ओल्या रस्त्यावर चाक घातलं की चर पडतात, ते उन्हात विटेसारखे कडक होतात आणि महिनोन्‌महिने राहतात. म्हणून बंद रस्त्यावर गेलात तर जबर दंड आहे, आणि कुणी दयामाया दाखवत नाही.

दोन दिवस बसून काढले. पत्ते, चहा, पुन्हा पत्ते. तिसऱ्या दिवशी पश्चिमेचा, कूबर पीडीकडचा १६६ किमीचा रस्ता उघडला. उत्तरेचा, ऊडनडॅटाकडचा, बंदच. तिकडे वाटेत अल्गेबकिना नावाचा जुना रेल्वेपूल आहे, ५७८ मीटर लांब, वाळवंटातल्या कोरड्या नदीवर. तो मला बघायचा होता. मी म्हणालो अजून एक दिवस थांबू. दिग्या म्हणाला नको. इतक्या ठामपणे म्हणाला की मी वाद घातला नाही. त्याचं विमान सहा दिवसांनी होतं, मला वाटलं त्याची काळजी असेल.

कूबर पीडीच्या रस्त्यावर एका ओल्या खळग्यात मी पडलो. हळू, १५-२० च्या वेगात, पण पार चिखलात लोळलो. दिग्याने गाडी उचलू लागायच्या आधी फोटो काढला. तो त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे.

कूबर पीडीत ओपल हे रत्न सापडलं १९१५ मध्ये. उन्हाळ्याला कंटाळून लोकांनी घरंच जमिनीत कोरली. आम्हीही अशाच एका खोलीत राहिलो. खिडकी नाही, पण बाहेर काही असो, आत हवा सारखीच. दिवा मालवला की डोळे उघडे काय नि मिटलेले काय. दिग्या अंधारात म्हणाला, "अजिंठ्यात मुक्काम केल्यागत वाटतंय." मग डांबरी रस्ता, साडेआठशे किलोमीटर, घर. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. ग्लेंडॅम्बोपर्यंत अडीचशे किमी पेट्रोल नाही, एवढं लक्षात ठेवा.

---

मीनल_कॅलगुर्ली

छान लिहिलंय, पण मला जरा कडक बोलायचंय. मी इथे, पश्चिम ऑस्ट्रेलियात, इस्पितळात काम करते, रस्त्यावरून आणलेले लोक बघते.

तुम्ही दोघांत एकच बीकन नेलात, आणि तो तुमच्याकडे. म्हणजे त्या १४ किलोमीटरमध्ये तुमच्या मित्राकडे काहीच नव्हतं! माणशी एक हवा. आणि तो गाडीवर बांधायचा नाही, अंगावर ठेवायचा. गाडी एकीकडे पडते, माणूस दुसरीकडे. नोंदणी फुकट असते, ती केल्याशिवाय निघू नका.

दुसरं, संध्याकाळी चार-साडेचारनंतर चालवू नका. कांगारू आडवा आला तर मोटरसायकलवाल्याला दुसरी संधी नसते. आणि रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५० मीटरहून लांब असू शकते. समोरून धुळीचा ढग दिसला की कडेला घेऊन सरळ थांबा. त्या धुळीच्या मागे आणखी कोण येतंय ते दिसत नाही.

आमच्या बाजूने ग्रेट सेंट्रल रोडने गेलात तर वाटेतल्या वस्त्यांत नेहमीचं पेट्रोल मिळत नाही, ओपल नावाचं मिळतं. पेट्रोल हुंगण्याचं व्यसन होतं, म्हणून त्यातली नशा आणणारी द्रव्यं कमी केलीत. गाडीला चालतं, घाबरू नका.

---

धुळवाट

मीनलताई, कान पकडले. दुसरा बीकन घेतला, परतल्या आठवड्यातच.

---

कट्ट_कडकट्ट

थोडं अवांतर. मी मुंबईच्या तार कार्यालयातून निवृत्त झालो, त्यामुळे त्या वाकड्या खांबापाशी माझं मन अडलं.

ती लाइन पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, सुमारे ३२०० किलोमीटर, १८७२ साली जोडली गेली. डार्विनहून समुद्राखालची केबल जावाला, तिथून सिंगापूर, पेनांग, मद्रास. मद्रासहून जमिनीवरून मुंबई, आणि मुंबईहून पुन्हा समुद्राखालून एडन, सुएझ. म्हणजे ॲडलेडहून लंडनला निघालेली तार आमच्या मुंबईला नमस्कार करून पुढे जायची! त्याआधी तीच बातमी बोटीने जायला दोन-तीन महिने लागत.

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शेवटच्या दिवशी लोक रांगा लावून स्वतःलाच तारा करत होते. तुमचे मित्र त्या खांबाशी बसले होते हे वाचून मला बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

---

कडीपत्ता

काका, काय सुंदर माहिती! मुंबईला नमस्कार करून 🙏

@धुळवाट, दिग्याभाऊंना आणा की इथे.

---

दिग्या_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आजच खातं काढलं, चुकलं तर सांभाळून घ्या.

काकांचा नमस्कार पोचला, पण तो घ्यायचा हक्क मला न्हाई. खरं काय ते सांगतो.

मी खांब बघायला थांबलो नव्हतो. वाळूचा पट्टा आला, पुढचं चाक वळलं आणि मी गेलो डाव्या बाजूला. गाडी पायावर. पाय काढायलाच बराच वेळ गेला. लांबवर तुझी धूळ दिसत होती, ती बारीक बारीक होत गेली. हाका मारल्या. मग गप बसलो, कारण ऐकणार कोण. सामान सोडलं, गाडी उचलली, तिसऱ्या झटक्यात उठली. सामान परत बांधलं. आणि मग हातपाय थरथरायला लागले, म्हणून स्लीपरवर बसलो. चिक्की खाल्ली कारण साखर लागती असं कुठंतरी वाचलेलं. खांब समोर होता एवढंच.

तू आलास ते शिव्या घालतच. आता इतक्या शिव्या खाल्ल्यावर "पडलो" म्हणायचं कसं? घरातनं निघताना बापूंना सांगून आलेलो, बिनधास्त ऱ्हावा, मला गाडी शिकवायची न्हाई कुणी.

गुडघा सुजला होता. हौदात बसलो तवा पाण्यात होता म्हणून तुला दिसला न्हाई. पाऊस पडला तवा मनात म्हटलं देव पावला, दोन दिवस पाय लांब करून बसायला मिळालं. उत्तरंचा रस्ता नको म्हणालो ते विमानासाठी न्हाई. अजून ४०० किमी पन्हाळी पत्रा त्या गुडघ्याला जमला नसता.

हितं तुझं लिहिलेलं वाचलं आणि ऱ्हावलं न्हाई.

---

बुलेट_सातारकर

🫡

---

मीनल_कॅलगुर्ली

दिग्याभाऊ, गुडघ्याचा एमआरआय केलात का? नसेल तर आधी करा.

---

धुळवाट

तो आरसा मी स्वतः आवळला रे. काचेच्या कडेला वाळू होती. हाताने पुसली मी ती.

फोन उचल.

---

दिग्या_कोल्हापूर

गिऱ्हाईक हाय दुकानात. नऊला करतो.

मीनलताई, केला. लिगामेंट थोडं ताणलंय, व्यायाम दिलाय. आणि भावा, बापू हा धागा वाचत न्हाईत तवर बरं हाय. त्यांना फक्त तुझा चिखलातला फोटो म्हाईत हाय.

---

रानवाट

मी वर लिहिलेलं 'बघायचं काय' मागे घेतो. पुलाचा फोटो कुणाकडे असेल तर टाका.

---

धुळवाट

पुलाचा कुठून टाकू, तिथवर गेलोच नाही. बबलरचा टाकतोय. डाव्या कोपऱ्यात जो लंगडत चाललाय तो दिग्या. मी आत्ता बघितलं.